मंदी, परका शेजारी आणि सावकाराची वही

शेतमालाचे भाव पडले म्हणजे पारावरच्या बोलण्याची तऱ्हा बदलते, हे कृषी विस्ताराच्या नोकरीत गावोगाव फिरताना मी पुष्कळदा पाहिले आहे. भाव बरा असला की बोलणे बियाण्याचे, खताचे, पोरीच्या लग्नाचे. भाव पडला की बोलणे माणसांचे. अमक्याने भाव पाडला, तमक्यामुळे आपण बुडालो. आणि हा तमका बहुधा दिल्लीत किंवा मुंबईत बसलेला नसतो. तो आपल्याच पेठेत राहणारा, पण थोडा वेगळा असतो. त्याची बोली वेगळी, जात वेगळी, धर्म वेगळा, नाही तर त्याचा आजा दुसऱ्या मुलखातून आलेला.

केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती पुन्हा खुली केली. मधल्या पाच महिन्यांत कांदेवाल्यांचे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षीच्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बहुतेक ठिकाणी सौदे त्याच्या खालीच झाले. त्या दिवसांत एका गावच्या ग्रामसभेला मी हजर होतो. विषय पीकविम्याचा होता, पण निघाला दुसराच. बाहेरून येऊन गावात स्थायिक झालेली दोन व्यापारी घरे होती. त्यांच्याशी कोणी व्यवहार करू नये असा ठराव घ्या, म्हणून तरुण मंडळी उठली. एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. ह्यांनी आम्हाला लुटलं का नाही ते तुम्हीच सांगा." मी विचारले, "तात्या, मागल्या साली ह्यांनीच माल घेतला तेव्हा तक्रार होती का?" तात्या म्हणाले, "तेव्हा भाव होता ना!"

ठराव पुढच्या सभेवर गेला. बोलणे काही थांबले नाही. ह्या तरुण मंडळींना आपल्याच मुलखातली एक जुनी हकिगत ठाऊक असावी असे मला वाटते, म्हणून हा लेख.

दीडशे वर्षांपूर्वीचा बुधवार

पुणे जिल्ह्यात सुपे हे बाजाराचे जुने गाव आहे. शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर म्हणतात, तेच हे सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ हा बुधवार, म्हणजे बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून शेतकरी आले होते. बघता बघता जमाव गुजराती आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. धान्य, कापड लुटले गेले, एका सावकाराचे घर जळाले. पण जमावाला खरे हवे होते ते कागद. कर्जाची खते, रोखे, हुकूमनाम्यांच्या नकला घरांतून ओढून रस्त्यावर आणल्या आणि पेटवून दिल्या. नंतरच्या दिवसांत हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत पसरले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसे धरली गेली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त शिक्षा होऊन तुरुंगात गेली. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात.

या दंग्याच्या दोन गोष्टी नीट ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, आपल्या आजे-पणज्यांच्या बाजूची. सावकाराने मुकाट्याने कागद हवाली केले तेथे जमाव बहुधा तेवढ्यावर परतला. माणसांना इजा झाल्याचे प्रकार थोडेच. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही हे नोंदवावे लागले. पोटात आग असलेल्या उपाशी माणसांनी इतका संयम ठेवावा ही लहान गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट तितकी गोड नाही. सावकारी काही एकटे गुजराती-मारवाडी करत नव्हते. स्थानिक ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होतेच, आणि त्यांचा व्याजाचा दर काही धर्मादाय नव्हता. तरी पुष्कळ गावांत जमाव त्यांच्या दारावरून पुढे गेला. हिशेब व्याजाचा असता तर दोन्ही दारे सारखीच ठोठावली गेली असती. व्याजाबरोबर बोली, पोशाख आणि मूळ गाव हेही पाहिले गेले.

दंग्याच्या आधीच्या वर्षी, १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी याची सुरुवात वेगळ्या तऱ्हेने झाली होती. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने गावच्या बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांच्या मालमत्तेचा लिलाव आणला. देशमुखांनी गाव एक केला. काळूरामाचे पाणी भरायला कोणी जाईना, न्हावी डोई करीना, गडी कामाला मिळेना. शेवटी तो शिरूरला निघून गेला. हे पाहून इतर गावांनीही सामपत्रे लिहून बहिष्कार घातले. बहिष्काराचे हत्यार आपल्या गावांना नवे नाही. पाणवठ्याचा आणि गावकीचा तोच बहिष्कार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कोणाकोणावर घातला गेला, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे हे हत्यार एखाद्या वेळी न्याय्य कारणासाठी उचलले गेले तरी मला त्याची भीतीच वाटते.

भाव कोठे पडला, राग कोठे निघाला

आता जरा मागे जाऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. इंग्लंडने हिंदुस्थानकडे हात पसरला. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. सुप्याकडे कापूस फार नव्हता, पण पैशाचा ओघ तेथेही पोचला. धान्य महाग झाले. रेल्वेची कामे चालू होती, गाडीवाल्याला आणि मजुराला रोज चांगला मिळू लागला. सावकार तर घरी येऊन पैसे देऊ लागला, कारण जमिनीला आणि पिकाला किंमत आली होती.

१८६५ साली युद्ध संपले. मुंबईचे शेअर कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. रेल्वेची कामे उरकली तशी मजुरी गेली आणि मालाच्या गाड्या हाकणाऱ्यांचा धंदाही गेला. पुढे धान्याचे भावही उतरले. आणि नेमक्या याच काळात सरकारने तीस वर्षांची जुनी पाहणी संपली म्हणून सारा नव्याने आकारला. इंदापुरात १८६७ साली, मग भीमथडीत व इतर तालुक्यांत. हा आकार चढत्या भावाच्या दिवसांवर बेतलेला होता. आरडाओरडा झाला तेव्हा १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली: तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के. म्हणजे दुप्पट सारा ही सवलत ठरली!

साऱ्याची तारीख चुकवता येत नसे, म्हणून शेतकरी सावकाराकडे जाई. सावकाराची ताकद कशात होती? पूर्वी सावकार होताच, पण जमीन सहजी गिळता येत नसे, आणि तंटा गावच्या पंचांपुढे चाले. इंग्रजी अमलात जमीन एकेका खातेदाराच्या नावावर लागली आणि दिवाणी कोर्टात कागद दाखवला की हुकूमनामा मिळू लागला. अंगठा देणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. भरलेल्या पैशाची पावती मिळत नव्हती. वही एकच, आणि ती सावकाराच्या पेटीत.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या रोख्याची मुदत तीन वर्षे. त्यानंतर दावा चालायचा नाही. हेतू असा की जुन्या कर्जाचे भूत कुळाच्या मानगुटीवर कायम बसू नये. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज मुद्दलात घाली. घरातल्या शिकलेल्या मुलाने हा हिशेब करून पाहावा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन दराने. तीन वर्षांनी १७२ चा नवा रोखा. सहा वर्षांनी सुमारे २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. हातात घेतले फक्त शंभर! व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असा दामदुपटीचा आपला जुना नियम होता, पण दर तीन वर्षांनी व्याजच मुद्दल झाल्यावर तो नियम कोठे लागणार? आयोगाने तपासलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले निघाले, आणि त्यांचे कर्ज साऱ्याच्या जवळजवळ अठरा पट भरले.

कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरला, सारा मुंबईच्या कचेरीत, मुदतीचा कायदा त्याहून लांब. यांतले कोणीही सुप्याच्या बाजारात हाताला लागणारे नव्हते. हाताला लागणारा होता तो दुकानदार. तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. त्याने लबाडी केली, भोळेपणाचा फायदा घेतला, याचे पुरावे आयोगाच्या अहवालात भरपूर आहेत. पण ज्याच्यामुळे ही लबाडी चालू शकली ती व्यवस्था त्या बुधवारी जळली नाही.

कागद जळाल्यावर

दंग्यानंतर वर्षभरातच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. सावकारांनी हात आखडता घेतला होता. ज्याला कालपर्यंत शिव्या दिल्या त्याच्याकडून बियाण्यापुरतेही धान्य मिळेना. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता. त्याने कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. कायदा चांगला होता. पण पळवाटाही निघाल्या. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची चाल पडली. पुढच्या काळात परका सावकार काही ठिकाणी मागे हटला आणि त्याच्या जागी गावातलाच, आपल्याच जातीचा, चार बैलांचा धनी सावकारी करू लागला. तो तर स्वतःच शेतकरी, त्याला जमीन हवीच होती. कुळाचा गळा तेवढाच आवळला गेला. सावकार आपल्यातला झाला म्हणून वही काही उघडी झाली नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात सरकारी खाती, कोर्टकचेऱ्या, भटशाही आणि शाळेवाचून राहिलेला कुणबी यांचा धागा एकत्र जुळवला. त्याच सुमारास न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारला ती पसंत पडली, पण विलायतेच्या भारतमंत्र्याने ती नाकारली. तेवढी वीस वर्षे फुकट गेली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा कोठे दार उघडले.

येथून पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९११ साली मुंबईत सहकारी पतसंस्थांना पैसा पुरवणारी मध्यवर्ती बँक निघाली. काढणारे कोण? लल्लूभाई सामळदास आणि विठ्ठलदास ठाकरसी, दोघेही गुजराती. या बँकेच्या सुरुवातीच्या शाखांत एक बारामतीला निघाली, कारण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला होता आणि उसाला भांडवल लागते. ज्या तालुक्यात १८७५ साली 'गुजर' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, त्याच तालुक्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांत गुजरात्यांनी उभारलेल्या बँकेचा पैसा शेतकऱ्याने आनंदाने घेतला. पतसंस्थेचा पैसा सभासदांच्या पंचांमार्फत येई, दर आधी ठरलेला असे, आणि हिशेब सभासदाला पाहता येई.

याच कालव्यावर सासवडच्या माळी मंडळींनी ऊसशेतीत नाव काढले आणि १९३२ साली माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. तो काळही मंदीचाच होता. जगभर भाव कोसळले होते, गूळ मातीमोल झाला होता. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ सालीच पतसंस्था काढली होती. १९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली, अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यातून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० साली गाळप सुरू झाले. त्यामागे मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे भक्कम पाठबळ होते. हेही गुजराती, आयुष्य सहकारी बँकेत घालवलेले. पारनेर-श्रीगोंद्याच्या जिल्ह्यात एक मराठा शेतकरी, एक ब्राह्मण प्राध्यापक आणि एक गुजराती बँकवाला एका कामाला लागले. सहिष्णुता हा शब्द जड वाटतो. आपल्या बोलीत सांभाळून घेणे म्हणतात. पण येथे नुसते सांभाळून घेतले नव्हते, प्रत्येकाकडे जे होते ते कामाला लावले होते.

या चित्राला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. कालवा गेला त्या पट्ट्याचे सोने झाले. खुद्द सुप्याचा परिसर जिरायतच राहिला आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसतो. कारखान्यांत सभासदाच्या मताला किंमत आली, पण बीडकडून येणाऱ्या ऊसतोड्याला सभासदत्व नव्हते आणि त्याच्या बायकोला कोपीत बाळंत व्हावे लागले. पुढे कित्येक संस्था एकेका घराण्याच्या मुठीत गेल्या. वार्षिक सभेत अहवाल वाचला असे समजून टाळ्या वाजतात, हे मी स्वतः पाहिले आहे. सहकाराची वहीसुद्धा सभासदाने मागितली नाही तर पेटीतच राहते.

आजची वही

आज रोखे मोडीत लिहिलेले नसतात. पण कोऱ्या धनादेशावर सही, कोऱ्या मुद्रांकावर अंगठा आणि 'नंतर फिरवून देतो' म्हणून केलेले खरेदीखत हे प्रकार आहेतच. घरातल्या माउलींच्या नावावर आठवड्याच्या हप्त्याची कर्जे झाली आहेत. एकीचे फेडायला दुसरीचे, असे तीन-तीन कंपन्यांचे कार्ड एका घरात मी पाहिले. ती कर्जे देणारा पोरगा बहुधा शेजारच्या तालुक्यातला, आपल्यातलाच असतो.

म्हणून त्या ग्रामसभेतल्या तरुणांना मी ठरावाऐवजी काही कामे सुचवली. व्यापारी कोणीही असो, वजनाची आणि भावाची पट्टी हातात घेतल्याशिवाय माल हलवायचा नाही. गावात दोन पोरांनी एक वही घालावी. कोणी कोणत्या दिवशी कोणाला काय भावाने माल दिला आणि पैसे कधी आले, ते त्यात लिहावे. दोन हंगाम ही वही नीट ठेवली तर कोण लबाड आहे ते नावानिशी कळेल, मग तो कोणत्याही घरचा असो. निर्यातबंदीबद्दल राग असेल तर तो ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्याकडे लेखी गेला पाहिजे. आमदार-खासदार मते मागायला येतातच.

सावकारीबद्दल कायदा आपल्या बाजूला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकाने शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला शेकडा ९ आणि बिनतारणी कर्जावर शेकडा १२ असा दर ठरवून दिला गेला आहे. महिन्याला नव्हे, वर्षाला. भरलेल्या रकमेची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा कर्जदाराला हक्क आहे. अवैध सावकारीत जमीन गेली असेल आणि तो व्यवहार अर्जाच्या तारखेपूर्वी पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाले तर खरेदीखत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. अर्जासोबत खरेदीखताची नकल, सातबारा, आणि पैसे दिल्या-घेतल्याचा जो काही पुरावा असेल तो जोडावा. मोबाइलवरचे निरोप आणि बँकेच्या पासबुकातल्या नोंदीही जपून ठेवाव्यात. अशा नोंदी नसल्या की चौकशीत तोंडी सांगण्यावरच भिस्त ठेवावी लागते. समोरचा सावकार जातीने, गावाने कोण आहे, हे त्या अर्जात कोठेही लिहायचे नसते.